बर्फाचं वेळापत्रक आणि आपलं तिकीट

मे महिन्यात हिमाचलातल्या सर पासला जाणारी मराठी मुलं काही थोडीथोडकी नसतात. परीक्षा संपली की गाडी पकडायची, कसोल गाठायचं, ग्रहण, मिन थाच, नगारू असे मुक्काम करत चढायचं आणि साधारण ४,२०० मीटर उंचीची खिंड ओलांडून बिस्केरीच्या बाजूला बर्फावरून बसून घसरत उतरायचं. खिंडीच्या दिवशी नगारूच्या तंबूतून अपरात्रीच उठवतात. बोटं आखडलेली असतात, बुटांच्या नाड्या बांधता येत नाहीत, चहा हातात पडेपर्यंत निम्मा गार झालेला असतो. ‘एवढ्या रात्री कशाला?’ असं कुणीतरी विचारतंच. त्यावरची उत्तरं ठरलेली: दुपारी हवा बिघडते, पल्ला लांबचा आहे, मागून दुसरी बॅच येते आहे. यातलं खोटं काहीच नाही. पण मुख्य कारण बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. पहाटे पाचला ज्या उतारावरून आपण चालत जातो, तोच उतार दुपारी बाराला पाण्याने भिजून सैल झालेला असतो आणि तेव्हा तो खाली येऊ शकतो.

कारण न सांगता पाळायला लावलेला नियम पहिल्याच अडचणीला मोडतो. कुणाला उलट्या होतात, कुणाची सॅक भरून होत नाही, दोन तास उशीर होतो आणि तरीही रांग निघते. पहाटे निघणं ही शिस्तीची बाब आहे असंच सगळ्यांना वाटत असतं, आणि शिस्तीत थोडं मागेपुढे चालतं अशी आपली समजूत आहे. बर्फाला ही समजूत लागू नाही.

डोंगरातल्या सगळ्या संकटांमध्ये वसंतातलं हिमस्खलन हे आधी ओळखता येण्याजोगं संकट आहे, असं माझं म्हणणं आहे. भूकंप कोणत्या दिवशी होईल हे कुणालाच सांगता येत नाही. सुटा दगड कधी निसटेल याचाही नेम नसतो. वसंतातला बर्फ मात्र ऊन, आकाश आणि उतार यांच्या हिशेबाने सैल होतो, आणि हा हिशेब बऱ्याच अंशी आदल्या रात्री मांडता येतो. मग तरीही माणसं का दगावतात? मला दिसतं ते असं की बर्फाविषयीची माहिती एकवेळ मिळते, पण त्या माहितीवरून ‘आज जायचं नाही’ असा निर्णय घेण्याची सोय कुणी करून ठेवलेली नसते. धोक्याचं मूल्यमापन हे दोन भागांचं काम आहे. बर्फ पारखणं हा पहिला भाग झाला. माघार घेणं शक्य होईल अशी मोहीम आखणं हा दुसरा. आपल्याकडे पहिल्याची थोडीफार चर्चा तरी होते, दुसऱ्याची होतच नाही.

आधी बर्फाचं पाहू. हिवाळ्यात साठलेला बर्फ थरांचा असतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, मधेच उन्हाने किंवा वाऱ्याने घट्ट झालेला पापुद्रा, आणि कुठे तळाशी एकमेकांना न धरणाऱ्या सुट्या दाण्यांचा कच्चा थर. या कच्च्या थरावर वरची जाड लादी कशीबशी टेकलेली असते. माणसाच्या वजनाने खालचा थर मोडला की अख्खी लादी निसटते. हौशी डोंगरभटक्यांच्या जीवघेण्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत ते सुरू करणारा माणूस त्याच गटातला असतो, असं पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी सांगतात. म्हणून हिवाळ्यात एकेकट्याने उतार पार करणं, अंतर राखणं, अमुक जागी पाय न ठेवणं याला मोल असतं.

वसंतात बहुतेक वेळा चाप ओढतो तो सूर्य. बर्फाचे कण एकमेकांना गोठलेल्या सांध्यांनी धरून असतात. ऊन लागलं की वरचा थर शून्य अंशाला येतो आणि वितळलेलं पाणी खाली झिरपू लागतं. एखाद्या घट्ट पापुद्र्यापाशी किंवा तळच्या गुळगुळीत कातळापाशी ते अडतं, साचतं आणि तिथले सांधे सुटतात. सगळा थर वरपासून खालपर्यंत शून्यावर आला की त्याच्यात थंडीची काही शिल्लकच राहत नाही. आणखी थोडी ऊब मिळाली की त्याचं सरळ पाणीच होतं. अशा उताराखालून तुम्ही कितीही हलक्या पावलाने गेलात तरी त्याने फारसा फरक पडत नाही, कारण तो सुटायला तुमची गरजच नसते. त्या वेळी तिथे नसणं एवढा एकच उपाय उरतो.

रात्री हीच क्रिया उलटी चालते. बर्फाचा पृष्ठभाग आपली ऊब आकाशात फेकत राहतो आणि पुन्हा गोठतो. इथे थर्मामीटर आणि मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज दोन्ही फसवू शकतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असूनही बर्फाची पाठ दगडासारखी गोठते. उलट रात्रभर ढग असतील तर ते ऊब परत खाली पाठवतात. हवा शून्याच्या आसपास असली तरी बर्फ ओलाच राहतो आणि सकाळ आदल्या दुपारच्या उरलेल्या ओलीवरच सुरू होते. म्हणून रात्री दोनला तंबूची चेन उघडून बाहेर डोकावणं हे मूल्यमापनातलं पहिलं काम. चांदण्या लख्ख दिसत असतील तर ती बरी खूण. आकाश झाकलेलं असेल, त्यातून पाऊस पडून गेला असेल, तर पहाटे निघूनही पहाटेचा फायदा मिळणार नाही.

‘एप्रिल-मे आला, बर्फ बसला, आता धोका नाही,’ असं सर्रास ऐकू येतं. यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं हे चक्र बरेच दिवस चाललं की बर्फाचे दाणे खडीसाखरेसारखे जाड होतात, पाण्याला वाहून जायला वाटा तयार होतात आणि तो उतार सकाळच्या वेळी खरोखरच भरवशाचा होतो. पण हे चक्र सुरू होण्याआधीचा टप्पा उलटा असतो. थंडीभर कोरडा राहिलेला कच्चा थर मोसमात पहिल्यांदा भिजतो ते दिवस फार वाईट. ज्या उतारावर जानेवारीपासून काही घडलं नाही, तो मार्चच्या पहिल्या उबदार दुपारी तळासकट सुटतो. खालच्या उतारांवर हा टप्पा लवकर येतो, उंचावर उशिरा. त्यामुळे एकाच दिवशी मुक्कामाजवळचा बर्फ पक्का आणि खिंडीजवळचा कच्चा असू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वसंत आला म्हणून हिवाळा गेला असं हिमालयात होत नाही. पश्चिम हिमालयात पश्चिमी विक्षोभ मार्च-एप्रिलमध्येही येतात आणि दोन दिवसांत फूट-दोन फूट नवा बर्फ टाकून जातात. १९७९च्या मार्चमध्ये लाहौल खोऱ्यात झालेल्या हिमस्खलनांत दोनशेहून अधिक माणसं गेली. ७ एप्रिल २०१२ रोजी सियाचीनजवळच्या गयारी इथला पाकिस्तानी लष्कराचा तळ हिमस्खलनाखाली गाडला गेला. त्यात १४० जण होते. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडच्या नीती खोऱ्यात, सुमना भागात रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला. तारखा पाहिल्या तर कॅलेंडरवर विसंबण्यात अर्थ नाही हे कळतं. नवा बर्फ पडून आकाश मोकळं झालं की पहिली स्वच्छ सकाळ फार मोहक दिसते आणि सगळे बाहेर पडतात. नेमका त्याच दिवशी उतारावर ताज्या बर्फाचं ओझं आणि वसंतातलं कडक ऊन एकत्र येतात.

आता उन्हाचा हिशेब. आपल्याकडचे गिर्यारोहणाचे बरेचसे आडाखे आल्प्समधून आले. उत्तरेकडे तोंड असलेले उतार सावलीत राहतात, तिथला बर्फ वसंतात उशिरापर्यंत थंड असतो, हा त्यांपैकी एक. आल्प्समधलं दावोस ४६.८ अक्षांशावर आहे, मनाली ३२.२ वर. मेच्या मध्याला दावोसला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर असतो, मनालीला सुमारे ७७ अंशांवर. आता उत्तरेकडे तोंड केलेला ३५ अंशांचा उतार घ्या. दावोसला त्यावर ऊन २७ अंशांच्या कोनात पडतं, मनालीला ४२ अंशांच्या. साध्या त्रिकोणमितीने मांडलं तर आपल्या उत्तर उताराला माध्यान्ही जवळजवळ दीडपट थेट ऊन मिळतं. म्हणजे आल्प्समधला सावलीचा आसरा मे महिन्यातल्या हिमाचलात तेवढा मिळत नाही. आडाखा चुकीचा नाही, तो दुसऱ्या अक्षांशाचा आहे.

घड्याळाचंही तेच. ‘दहाच्या आत उतार सोडा’ हा नियम ऐकायला बरा वाटतो. पण गुलमर्गपासून नथुलापर्यंत आपण सगळे एकच घड्याळ वापरतो आणि सूर्य ते वापरत नाही. नथुला ज्या रेखांशावर आहे तिथे सूर्य आपल्या प्रमाणवेळेच्या सुमारे २५ मिनिटं पुढे असतो, गुलमर्गला सुमारे ३२ मिनिटं मागे. दोन ठिकाणांत जवळजवळ तासाचं अंतर पडतं. सिक्कीमच्या घड्याळात दहा वाजतात तेव्हा तिथल्या पूर्व उतारावर काश्मीरच्या अकराचं ऊन असतं. त्यातून पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. चालणारा माणूस सावलीत असतो आणि त्याच्या डोक्यावरचा पूर्वाभिमुख उतार तासभर आधीपासून उन्हात असतो, असं नेहमी घडतं. पायाखालचा बर्फ टणक लागतो म्हणून निर्धास्त राहायचं, आणि धोका वर आठशे फुटांवर तयार होत असतो.

मग उतारावर पाहायचं काय? यासाठी उपकरणं लागत नाहीत, लक्ष लागतं. पहाटे काठीचं टोक मारलं की ठक्क असा आवाज यावा आणि बुटाची फक्त नक्षी उमटावी. बुटाचा तळवा थोडा रुतू लागला की मऊपणा सुरू झाला. चालायला ही वेळ सगळ्यांत सुखाची आणि घड्याळाकडे सगळ्यांत जास्त बघण्याची. घोट्यापर्यंत पाय जाऊ लागला की उतार सोडायला हवा होता असं समजा. पोटरीपर्यंत गेला तर आपण उशीर केला आहे. हातमोज्यात मूठभर बर्फ घेऊन दाबा. त्याचा गोळा होत नसेल तर तो कोरडा, गोळा झाला तर ओलसर, बोटांमधून पाणी निथळलं तर वरचा उतार भिजत चालला आहे. खडकांच्या कडेने बर्फाचे छोटे गोळे आपोआप सुटून घरंगळू लागतात आणि मागे नागमोडी चरे सोडतात. मुलं त्यांचे फोटो काढतात. तो डोंगराने दिलेला पहिला इशारा असतो.

पुढचं पाहायचं ते वर आणि खाली. धारेच्या वाऱ्याआडच्या बाजूला बर्फाची छपरी बाहेर आलेली असते. गिर्यारोहक तिला कॉर्निस म्हणतात. वसंतातल्या उन्हात ती तुटते आणि आपल्या वजनाने खालचा उतारही उठवते. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. मोबाइलमधल्या कोनमापकाने हे दोन मिनिटांत कळतं. पण आपण स्वतः सपाटीवर आहोत याने भागत नाही, कारण वर सुटलेला बर्फ सपाटीवर येऊनच थांबतो. आणि खाली काय आहे? घळ, नाला किंवा रस्त्याने कापलेली पायरी असेल तर थोडासा बर्फही तिथे खोल साचतो. भिजलेल्या बर्फाच्या ढिगाची घनता घनमीटरला अर्ध्या टनाच्या घरात जाते. थांबल्यावर तो असा आवळतो की गाडलेल्याला बोटही हलवता येत नाही.

म्हणून सुटकेचा हिशेब क्रूर आहे. मुख्यतः आल्प्समधल्या अपघातांच्या अभ्यासांतून दिसतं की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण तिघांत एकावर येतं. अर्ध्या तासात हिमालयात कुठलंही बचाव पथक पोहोचत नाही. वाचवतील तर सोबतचेच, आणि त्यांच्याकडे संदेश देणारं-घेणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब कांब आणि फावडं हवं. आपल्याकडच्या बहुतेक व्यावसायिक ट्रेकमध्ये ही तिन्ही साधनं दिसत नाहीत. ‘रेस्क्यूची सोय आहे’ या वाक्याला वसंतातल्या बर्फावर म्हणूनच फार थोडा अर्थ आहे.

एवढं सगळं माहीत असताना काय होतं, ते ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये दिसलं. गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर पंधराव्या मैलाजवळ दुपारच्या सुमारास हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक दगावले. पुढच्या रस्त्यावर अडकलेले सुमारे साडेतीनशे पर्यटक आणि ऐंशी वाहनं बर्फ हटवून परत आणावी लागली. प्रशासनाने सांगितलं की परवाने फक्त तेराव्या मैलापर्यंतचे होते. म्हणजे धोका ओळखला गेला होता, रेषा आखली गेली होती, कागदावर परवान्याची मर्यादा होती. पर्यटक, वाहनचालक आणि सहलवाले मिळून ती रेषा दोन मैल पुढे सरकवू शकले. कारण तेराव्या मैलावर बर्फ कमी होता आणि माणसं बर्फ पाहायलाच आली होती. शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला ‘इथूनच मागे फिरा’ म्हणण्यात ज्याचं नुकसान आहे, त्याच्यावरच ते म्हणण्याची जबाबदारी होती.

दुसरं उदाहरण २८ फेब्रुवारी २०२५चं. बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या ५४ मजुरांची छावणी हिमस्खलनात सापडली. ४६ जण वाचले, आठ गेले. मजूर पत्र्याच्या कंटेनरमध्ये होते, त्यामुळे बऱ्याच जणांना आत हवा मिळाली. उघड्यावर असते तर आकडा कदाचित उलटा झाला असता. आदल्या संध्याकाळी संरक्षण खात्याच्या डीजीआरई या संस्थेने चमोलीसह उत्तराखंडातल्या पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागांसाठी २४ तासांचा इशारा दिला होता. ही काही नवखी संस्था नव्हे. १९६९ साली मनालीत सुरू झालेली ‘सासे’ ही बर्फ आणि हिमस्खलन अभ्यासणारी संस्था २०२०मध्ये हिच्यात विलीन झाली. पन्नासहून अधिक वर्षांचं काम मागे आहे. इशारा होता, वेळेवर होता, भाग बरोबर होता. पण इशारा आला की कोणी, किती वाजेपर्यंत, कोणती छावणी रिकामी करायची, हे आधीच ठरलेलं नसेल तर इशारा म्हणजे फक्त एक पत्रक.

बर्फाचा अभ्यास कितीही सुधारला तरी अपघात त्या प्रमाणात का घटत नाहीत, हा प्रश्न परदेशातल्या अभ्यासकांनाही पडला. अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले. त्यांच्या हाती आलेली गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. ओळखीच्या भागात फिरताना चांगलं प्रशिक्षण घेतलेले गट आणि जवळजवळ काहीच प्रशिक्षण नसलेले गट साधारण सारखाच धोका पत्करत होते. शिकलेली विद्या ओळखीच्या डोंगरावर बाजूला पडत होती. इथे तर काही होत नाही, एवढं आलोच आहोत, पुढारी अनुभवी आहे, आणखी लोक चाललेच आहेत, अशा मनाच्या सवयी निर्णय घेत होत्या. स्वित्झर्लंडच्या वेर्नर मुंटर या गिर्यारोहण मार्गदर्शकाने त्याच्याही आधी दुसरी वाट काढली होती. एका ठिकाणी खड्डा खणून थर तपासले तरी वीस पावलांवर बर्फ वेगळा निघतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने हवामान-बर्फ, उतार आणि माणसं या तीन गोष्टी तीन वेळा तपासायला सांगितल्या: घरी आखणी करताना, त्या भागात पोहोचल्यावर आणि प्रत्यक्ष उताराच्या तोंडाशी. मला यातला माणसांचा रकाना फार महत्त्वाचा वाटतो. तो बर्फाच्या बरोबरीने, त्याच पानावर आहे.

युरोपात १९९३पासून धोक्याची पाच पातळ्यांची एकच मोजपट्टी वापरतात. सर्वाधिक मृत्यू पाचव्या पातळीवर होत असतील असं वाटेल. ते होतात तिसऱ्या पातळीवर. पाचवीला सगळे घरी बसतात. तिसरीला आकाश निळं असतं, सगळं ठीक दिसतं आणि निर्णय माणसाच्या हातात सोडलेला असतो. वसंतात तर सकाळची पातळी दुपारी वर चढते. म्हणून हिमस्खलनाचे इशारे देणारी दावोसची संस्था कोरड्या आणि ओल्या बर्फाचा धोका वेगळा सांगते. आपल्याकडचे इशारे मुख्यतः लष्कर, रस्ते आणि जिल्हे यांच्या गरजेतून घडले. अमुक खिंडीच्या अमुक बाजूला सकाळी किती आणि दुपारी किती धोका, हे ट्रेकरला त्यातून कळत नाही. ती उणीव भरून निघेपर्यंत आखणीतली शिस्त अधिक कडक हवी, सैल नव्हे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा, की स्थानिक माणसाला डोंगर कळतो; त्याच्यावर सोपवा आणि गप्प चाला. स्थानिक ज्ञान खरंच मोठं आहे. अटल बोगदा २०२०मध्ये सुरू होण्याआधी लाहौलची माणसं वसंतात रोहतांग खिंड पायी ओलांडत, तेव्हा रात्रीच निघत आणि वारं सुटायच्या आत पलीकडे होत. मढी आणि कोकसरला त्या दिवसांत बचाव चौक्या बसत. पण त्या ज्ञानाचा अर्धा भाग थांबण्याचा होता. हवा बरी नसेल तर लाहौली माणूस चार दिवस अलीकडे बसून राही. त्याला कुणी पैसे परत मागत नसे. आपण त्याच माणसाला गाइड म्हणून रोजावर ठेवतो, त्याचं चालण्याचं ज्ञान विकत घेतो आणि थांबण्याचं ज्ञान मात्र त्याला वापरू देत नाही. पंधरा जणांची बॅच पुण्या-मुंबईहून येऊन उभी असताना रोजंदारीवरचा मुलगा ‘आज नको’ म्हणाला, तर पुढच्या आठवड्यात त्याला काम मिळेल का, याची त्याला चिंता असते.

दुसरा आक्षेप असा, की इतकी भीती घातली तर डोंगरात कुणी जाणारच नाही. धोका हा तर या छंदाचा भागच आहे. तो आहेच. वसंतात अन्नपूर्णेसारख्या हिमस्खलनांसाठी कुप्रसिद्ध शिखरावर जाणारा गिर्यारोहक काय पत्करतो आहे हे जाणून पत्करतो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या गिर्यारोहकांनी एप्रिल २०२१मध्ये अन्नपूर्णा गाठलं, तेव्हा त्यामागे अनेक वर्षांची तयारी होती. हा हक्क मला मान्य आहे. पण आठ हजार रुपये भरून ‘बिगिनर्स फ्रेंडली’ अशी जाहिरात वाचून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने काहीच पत्करलेलं नसतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. न सांगता दुसऱ्याच्या अंगावर टाकलेल्या धोक्याला साहस म्हणता येत नाही.

खरा अडसर आपल्या आखणीत आहे. रेल्वेचं परतीचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं, रजा मोजून घेतलेली असते. कायम तळांवर चालणाऱ्या ट्रेकमध्ये रोज एक बॅच पुढच्या तंबूत सरकते आणि मागची तिच्या जागी येते. एका बॅचने खिंडीखाली एक दिवस थांबायचं म्हटलं तर मागे सगळी साखळी अडते. झोपायला जागा नाही, शिधा नाही. अशा व्यवस्थेत लीडर कितीही जाणकार असला तरी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: चालत राहा किंवा सगळ्यांचा राग ओढवून घेत परत फिरा. मग ढगाळ रात्रीनंतरच्या सकाळीही रांग निघते, आणि काही न होता पलीकडे पोहोचली की तो निर्णय बरोबर ठरल्याचा समज पक्का होतो. असा नशिबाने मिळालेला प्रत्येक यशस्वी दिवस पुढच्या लीडरला चुकीचा धडा देतो.

हे बदलणं अवघड नाही, महाग मात्र आहे. बर्फाची खिंड असलेल्या प्रत्येक ट्रेकमध्ये एक राखीव दिवस हवा आणि त्याचा खर्च मूळ रकमेतच धरलेला हवा. माघारीची वेळ आणि माघारीच्या खुणा निघण्याआधी लिहून सगळ्यांसमोर वाचून दाखवायला हव्यात: रात्र ढगाळ गेली तर निघायचं नाही, अमुक वेळेपर्यंत खिंडीवर नसलो तर परत, घोट्यापर्यंत पाय रुतला तर परत. त्या वेळा त्या खिंडीच्या उन्हावरून काढलेल्या असाव्यात, दुसऱ्या ट्रेकच्या पत्रकातून उचललेल्या नसाव्यात. गाइड, लीडर आणि मागे चालणारा स्वीप, या तिघांपैकी कुणा एकानेही ‘नको’ म्हटलं की चर्चा न करता फिरायचं; आणि फिरल्याबद्दल गाइडचा एक रुपयाही कापायचा नाही. आपल्या क्लबांच्या बैठकांत पोहोचलेल्या मोहिमांचे फोटो दाखवले जातात. अलीकडून परतलेल्या मोहिमांचे निर्णयही तिथे मांडले जावेत. परत फिरलेल्या लीडरला तिथे टाळ्या मिळाल्या तर पुढच्या लीडरला फिरणं सोपं जाईल.

येत्या मे महिन्यासाठी पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. राखीव दिवस आहे का? माघारीची वेळ कोणती आणि ती कशावरून ठरवली? ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कुणाकुणाला आहे? आणि मागच्या मोसमात किती बॅच खिंड न ओलांडता परतल्या? शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही, आमचा शंभर टक्के सक्सेस रेट आहे’ असं उत्तर आलं, तर तिथे पैसे भरू नका.